गाडीचा एसी थंड करत नाही? गॅस भरण्याआधी करायची तपासणी आणि नंतरची दुरुस्ती

मार्च संपत आला की एसीच्या तक्रारी घेऊन गॅरेजांबाहेर गाड्या उभ्या राहू लागतात आणि बहुतेक ठिकाणी निदान गाडी पाहण्याआधीच झालेले असते: "गॅस संपला असेल, भरून टाकू." मात्र एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होणारा पदार्थ नाही. तो बंद नळ्यांच्या वर्तुळात वर्षानुवर्षे तोच तो फिरत राहतो. रबरी नळ्यांतून आणि कंप्रेसरच्या सीलमधून तो अगदी थोडा झिरपतो हे खरे, आणि त्यामुळे सहा-सात वर्षांच्या गाडीत काहीशी घट होणे स्वाभाविक आहे. पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मूळ दोष गॅसचा नाहीच. माझ्या स्वतःच्या गाडीत दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरला गेला, आणि शेवटी दोष निघाला कंडेन्सरच्या पंख्याच्या रिलेचा, म्हणजे पंख्याला वीज देणाऱ्या विद्युत स्विचचा. मधल्या काळात गरजेपेक्षा जास्त भरलेल्या गॅसने कंप्रेसरवर पडलेला ताण वेगळाच. म्हणून या लेखातील क्रम जाणीवपूर्वक ठेवला आहे: आधी हवा, मग वीज, मग दाब, मग गळती, आणि गॅस सर्वांत शेवटी, तोही वजन करून.

यंत्रणा कशी चालते, एवढे आधी समजून घ्यावे

एसी थंडावा तयार करत नाही. तो गाडीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. कंप्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे तो तापतो. हा तापलेला गॅस रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रवरूप होतो. ड्रायरमधून ओलावा आणि कचरा गाळून तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून डॅशबोर्डमागच्या कुलिंग कॉइलमध्ये शिरतो. तिथे दाब एकदम कमी होतो, द्रव उकळू लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता कॉइलवरून जाणाऱ्या हवेतून खेचून घेतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो, यावरून त्याची क्षमता आणि उघड्या त्वचेला असलेला धोका दोन्ही लक्षात यावेत. कंप्रेसरपासून एक्स्पान्शन व्हॉल्व्हपर्यंतची बाजू जास्त दाबाची आणि तिथून परत कंप्रेसरपर्यंतची कमी दाबाची. पुढचे सगळे निदान या दोन बाजूंच्या तुलनेवर उभे आहे.

तक्रार नेमकी कधी होते, ते नोंदवा

"थंड होत नाही" हे वर्णन पुरेसे नाही. द्रुतगती मार्गावर गारवा उत्तम आणि सिग्नलला उभे राहिले की गरम हवा, असे होत असेल तर संशय पंख्यावर किंवा कंडेन्सरवर जातो. सुरुवातीला थंड आणि अर्ध्या तासाने वाराच कमी होत असेल, तर कुलिंग कॉइलवर बर्फ जमत असण्याची शक्यता आहे. सकाळी ठीक आणि दुपारी बंद, असे असेल तर तापल्यावर सुटणारा क्लच (कंप्रेसरला पट्ट्याच्या चाकाशी जोडणारा भाग) किंवा वाढलेला दाब पाहावा. एका बाजूच्या व्हेंटमधून थंड आणि दुसऱ्या बाजूने कोमट हवा येत असेल, तर हवा मिसळणारी झडप अडकली आहे किंवा गॅस कमी झाल्याने कॉइलचा अर्धाच भाग थंड होतो आहे.

त्यानंतर मोजमाप करावे, कारण हाताला लागणारा गारवा फसवा असतो. स्वयंपाकघरात वापरतात तसा साधा डिजिटल थर्मामीटर मधल्या व्हेंटमध्ये खोचावा. गाडी सावलीत उभी करून, काचा बंद, हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण चालू, तापमान सर्वांत थंड, ब्लोअर मधल्या वेगावर आणि इंजिन मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्यांवर ठेवून दहा मिनिटे थांबावे. बाहेर ३५ अंश असताना व्हेंटमध्ये ६ ते १० अंश मिळत असतील तर यंत्रणा निरोगी आहे. मुंबईत किंवा कोकणात हवेतील बाष्पाचे पाणी करण्यात बरीच शक्ती खर्च होते, त्यामुळे तिथे आकडा दोन-चार अंशांनी जास्त आला तर लगेच दोष मानू नये. बाहेरचे तापमान आणि व्हेंटचे तापमान वहीत लिहून ठेवावे. दुरुस्तीनंतर तुलना याच आकड्यांशी करायची आहे.

हवेची वाट

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि तो काढायला पाच मिनिटेही लागत नाहीत. उसाच्या ट्रॅक्टरांमागे किंवा बांधकामाच्या धुळीतून रोज जाणाऱ्या गाडीत तो सहा महिन्यांतच कोंदून जातो. फिल्टर काढून ब्लोअर लावून पाहावा. वारा लक्षणीय वाढला तर निम्मे काम झाले. ब्लोअर फक्त सर्वांत जास्त वेगावर चालतो आणि इतर वेगांवर बंद राहतो, असे असेल तर ब्लोअर मोटर चांगली आहे, वेग कमी करणारा रेझिस्टर जळला आहे. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते आणि ते बिघडले की वेग आपोआप कमी-जास्त होतो किंवा ब्लोअर बंदच होत नाही. डॅशबोर्डखाली हात घालताना पिवळ्या आवरणाच्या जोडण्यांना स्पर्श करू नये, त्या एअरबॅगच्या असतात. तिथले काम बॅटरीची तार काढून आणि काही मिनिटे थांबूनच करावे.

गाडीत पाऊल ठेवायच्या जागी पाणी साचत असेल तर कॉइलखालची पाणी निचरा होण्याची नळी तुंबलेली असते. ती गाडीखालून मऊ वायरने किंवा अगदी हलक्या हवेने मोकळी करावी. कुबट वास याच ओलाव्यातून येतो, आणि सुगंधी डब्या तो झाकतात, घालवत नाहीत. नळी मोकळी करणे, कॉइल फोमने धुणे आणि मुक्कामाला पोहोचण्याआधी दोन-तीन मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवणे, हा त्यावरचा खरा उपाय आहे.

आता हवा मिसळणारी झडप. ही झडप थंड कॉइल आणि हीटर यांतील हवेचे प्रमाण ठरवते. ती पूर्ण बंद होत नसेल तर कॉइल थंडगार असूनही व्हेंटमधून कोमट हवा येते, आणि ही चूक गॅस कमी असल्याच्या खात्यावर वारंवार टाकली जाते. तापमानाचे बटण गरम ते थंड असे फिरवताना डॅशबोर्डमागून टक-टक आवाज येत असेल, तर झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटले आहेत. आणखी खात्री करायची असल्यास, इंजिन थंड असताना हीटरकडे जाणारी रबरी नळी योग्य क्लॅम्पने तात्पुरती दाबून बंद करावी आणि मग व्हेंटचे तापमान पुन्हा मोजावे. ते पाच-सात अंशांनी खाली आले, तर दोष झडपेचा आहे आणि गॅसच्या यंत्रणेला हात लावण्याची गरज नाही.

वीज आणि सेन्सर

बोनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, मदतनीसाला एसीचे बटण दाबायला सांगावे. पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून हात, ओढणी आणि सैल बाह्या दूर ठेवाव्यात. क्लच असलेल्या कंप्रेसरमध्ये 'टक्' असा आवाज होऊन पुढची प्लेट फिरू लागते. ती फिरत नसेल तर आधी फ्यूज पाहावा, मग एसीचा रिले त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या रिलेशी, बहुधा हॉर्नच्या रिलेशी, अदलाबदल करून पाहावा. रिले ठीक असूनही क्लच बसत नसेल तर क्लचच्या जोडणीवर मल्टिमीटर लावावा. तिथे १२ व्होल्ट येत असूनही प्लेट ओढली जात नसेल, तर क्लचची कॉइल जळलेली आहे किंवा प्लेट झिजून फट वाढली आहे. कॉइलचा रोध साधारण ३ ते ५ ओहम असावा. गरम झाल्यावरच सुटणाऱ्या क्लचला हलक्या लाकडी दांडीचा स्पर्श केल्याने तो बसतो, हे फट वाढल्याचे लक्षण असते. शिम, म्हणजे प्लेटमागची पातळ चकती, काढून फट पुन्हा जुळवता येते आणि नवा कंप्रेसर वाचतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत क्लचच नसतो, कंप्रेसर सतत फिरतो आणि आतला विद्युत व्हॉल्व्ह त्याची क्षमता बदलतो. अशा कंप्रेसरमध्ये 'टक्' ऐकू न येणे हा दोष नाही.

१२ व्होल्टच येत नसतील तर गाडीचा संगणक कंप्रेसरला परवानगी देत नाही, असे समजावे आणि त्याचे कारण शोधावे. दाब खूप कमी किंवा खूप जास्त असेल, इंजिन तापले असेल, किंवा बंपरच्या आतला बाहेरील तापमानाचा सेन्सर तुटला असेल तर हे होते. हा सेन्सर तुटला की अनेक गाड्यांच्या पडद्यावर भर मे महिन्यात उणे तापमान दिसते आणि बाहेर कडाक्याची थंडी आहे असे मानून कंप्रेसर बंद ठेवला जातो. बंपरला किरकोळ ठोकर बसल्यानंतर एसी बंद पडला असेल तर हीच जागा आधी पाहावी. पावसाळ्यानंतर उंदरांनी कुरतडलेल्या तारा हेही आपल्याकडचे अगदी नेहमीचे कारण आहे.

ऑटोमॅटिक यंत्रणेत आणखी दोन सेन्सर फसवतात. पहिला स्टिअरिंगजवळच्या छोट्या जाळीमागचा, गाडीतील तापमान मोजणारा. ही जाळी आतली हवा हळूच ओढत असते. पातळ टिश्यू कागद जाळीला चिकटून राहिला तर ती ओढ शाबूत आहे, खाली पडला तर धूळ साचली आहे किंवा आतली नळी सुटली आहे. दुसरा काचेजवळ डॅशबोर्डवर बसवलेला सूर्यप्रकाशाचा सेन्सर. त्याच्यावर आपण श्रद्धेने गणपतीची मूर्ती बसवतो किंवा उन्हापासून बचावासाठी कापडी आवरण घालतो, आणि मग ऊन नाही असे समजून यंत्रणा गारवा कमी ठेवते. मूर्ती चार बोटे बाजूला सरकवली तरी पुरते.

बऱ्याच गाड्यांत स्कॅनरशिवायही दोषांचे क्रमांक पाहता येतात. टोयोटाच्या कोरोलासारख्या अनेक गाड्यांत 'ऑटो' आणि हवा आत फिरवण्याचे बटण एकत्र दाबून ठेवून चावी फिरवली की दिवे लुकलुकतात आणि क्रमांक दिसतात: ११ म्हणजे गाडीतील तापमानाचा सेन्सर, १२ बाहेरचा, १३ कुलिंग कॉइलचा आणि २१ सूर्यप्रकाशाचा. गाडी शेडमध्ये असेल तर सेन्सर चांगला असूनही २१ दिसतो, म्हणून ही तपासणी उन्हात करावी.

कंडेन्सर आणि त्याचा पंखा

एसी सुरू केल्यावर काही सेकंदांत, किंवा दाब वाढताच, पंखा फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने पाहावे. पंखा फिरतो आहे आणि तरीही सिग्नलला गारवा जातो, असे असेल तर एक सोपी परीक्षा आहे: बागेच्या पाइपने कंडेन्सरवर समोरून पाण्याचा हलका फवारा मारावा आणि व्हेंटचा थर्मामीटर पाहत राहावे. तापमान झपाट्याने उतरले, तर गॅस पुरेसा आहे आणि अडचण उष्णता बाहेर टाकण्यात आहे. कंडेन्सरच्या पाकळ्यांत किडे, चिखल, पिशव्यांचे तुकडे अडकलेले असतात. तो आतून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार झोताने पाकळ्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांच्या गाडीत खाऱ्या हवेने पाकळ्यांची भुकटी होत असेल, तर मात्र कंडेन्सर बदलण्यावाचून मार्ग नाही.

दाब काय सांगतो

येथून पुढे दोन घड्याळांचा गेज संच, डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि जाड हातमोजे लागतात. हायब्रिड किंवा विद्युत गाडी असेल तर इथेच थांबून प्रशिक्षित माणसाकडे जावे. नारिंगी तारांत प्राणघातक दाबाची वीज असते, आणि त्या कंप्रेसरमध्ये नेहमीचे पीएजी तेल (कंप्रेसरचे कृत्रिम वंगण) घातल्यास विद्युत रोधन नष्ट होते.

इंजिन थंड आणि बंद असताना दोन्ही घड्याळांवर सारखाच आकडा दिसतो, आणि आर-१३४एसाठी तो बाहेरच्या तापमानावर ठरतो: २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय (दाबाचे एकक), ३० ला ९७, ३५ ला ११४ आणि ४० ला १३३. आकडा याहून बराच कमी असेल तर आत द्रवरूप गॅस उरलेलाच नाही, म्हणजे मोठी गळती आहे. मात्र आकडा जुळला म्हणजे गॅस पुरेसा आहे, असा अर्थ काढू नये. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये निम्मा गॅस असो वा पूर्ण, आतला दाब सारखाच राहतो. तोच नियम इथे आहे. उलट आकडा जास्त आला तर यंत्रणेत हवा शिरली आहे किंवा दुसराच गॅस भरला गेला आहे.

आता इंजिन १,५०० फेऱ्यांवर, दारे उघडी, ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवून वाचन घ्यावे. बाहेर ३५ अंश असताना कमी दाबाच्या बाजूला ३० ते ४५ आणि जास्त दाबाच्या बाजूला २०० ते २५० पीएसआय साधारण योग्य समजावेत. विदर्भातल्या ४२ अंशांच्या दुपारी जास्त दाब ३०० जवळ गेला तर तो ऋतूचा परिणाम असतो. दोन्ही दाब कमी असतील तर गॅस कमी आहे. दोन्ही जास्त असतील तर गॅस जास्त भरला आहे, हवा शिरली आहे किंवा कंडेन्सर उष्णता सोडत नाही, आणि पाण्याची परीक्षा इथे पुन्हा उपयोगी पडते. कमी बाजू वर आणि जास्त बाजू खाली, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांकडे झुकलेले असतील, तर कंप्रेसर आतून झिजला आहे. कमी बाजूचा काटा शून्याखाली जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबला आहे. थोडा वेळ गारवा, मग बंद, मग पुन्हा गारवा असे चक्र असेल तर व्हॉल्व्हच्या छिद्रात ओलाव्याचा बर्फ अडकतो आहे. कॉइलवर बर्फ जमून वारा थांबत असेल आणि दाब सुरुवातीला योग्य असेल, तर कॉइलला लावलेला तापमानाचा सेन्सर कंप्रेसरला वेळेवर थांबवत नाही, असे समजावे.

गळती शोधणे

गॅसबरोबर तेलही बाहेर येते, म्हणून जिथे तेलकट डागावर धूळ चिकटली आहे ती पहिली संशयाची जागा. नळ्यांचे सांधे, कंप्रेसरचे पुढचे सील, कंडेन्सरचे खालचे कोपरे आणि गॅस भरायच्या तोंडातील पिन हे सर्व साबणाच्या फेसाने तपासावे. गॅस उरलेला नसेल तर यंत्रणेत कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून सुमारे १५० पीएसआयपर्यंत भरावा आणि काटा तासभर पाहावा. नायट्रोजनऐवजी कंप्रेसरची हवा वापरू नये, तिच्यातून ओलावा आत जातो. आणि ऑक्सिजन तर कधीही नाही, तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो. सूक्ष्म गळतीसाठी अतिनील प्रकाशात चमकणारा रंग घालून दहा-पंधरा दिवस गाडी चालवावी आणि मग रात्री दिव्याने पाहावे. बाहेर कुठेच काही सापडले नाही, तर निचऱ्याच्या नळीच्या तोंडाशी रंगाचे थेंब पाहावेत. तिथे चमक दिसली तर कुलिंग कॉइल गळते आहे, आणि त्यासाठी बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ते काम अनुभवी कारागिराकडेच द्यावे.

दुरुस्ती, व्हॅक्यूम आणि गॅस

कोणताही सांधा उघडण्याआधी उरलेला गॅस यंत्राने परत काढून घ्यावा. पिन दाबून तो हवेत सोडण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते आणि ती मला मनापासून खटकते. एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांत सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवतो. म्हणजे ४०० ग्रॅम गॅस सोडणे हे जवळजवळ २५० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. अशा गॅसांचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे. हा गॅस पेटत्या ज्योतीजवळ किंवा सिगारेटजवळ आला तर विषारी वाफा तयार होतात, हेही विसरू नये.

उघडलेल्या प्रत्येक सांध्याची ओ-रिंग नवी, आर-१३४एसाठीची आणि तेल लावून बसवावी. यंत्रणा दीर्घकाळ उघडी राहिली असेल किंवा कंप्रेसर बदलला असेल तर ड्रायरही बदलावा. तेलाची जात कंप्रेसरवर लिहिलेली असते. पीएजी ४६ च्या जागी पीएजी १०० चालवून घेऊ नये, आणि पीएजी तेलाचा डबा उघडा ठेवू नये, ते हवेतला ओलावा शोषते. जुना कंप्रेसर आतून तुटून धातूचा चुरा पसरला असेल तर नुसता नवा कंप्रेसर लावणे म्हणजे तोही गमावणे; नळ्या धुवाव्या लागतात आणि बारीक वाहिन्यांचा कंडेन्सर धुऊन साफ होत नसल्याने तो बदलावा लागतो.

त्यानंतर व्हॅक्यूम पंप किमान ३० ते ४५ मिनिटे चालवावा, पावसाळ्यात तासभर. आत राहिलेले पाणी कमी दाबाला उकळून बाहेर जावे हा त्याचा हेतू आहे. येथे एक गोष्ट अनेकांना गोंधळात टाकते: समुद्रसपाटीला व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या ३० इंचांच्या जवळ जातो, पण पुण्यासारख्या ५६० मीटर उंचीच्या शहरात तो सुमारे २८ इंचांवर आणि महाबळेश्वरला २५-२६ इंचांवरच थांबतो. त्यात पंपाचा दोष नाही. पंप बंद करून, व्हॉल्व्ह मिटून अर्धा तास थांबावे. काटा सरकला तर पुन्हा गळती शोधावी.

गॅस किती भरायचा हे बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेले असते, लहान गाड्यांत बहुधा ३०० ते ५०० च्या दरम्यान. एवढ्या कमी मात्रेत ५० ग्रॅमची चूकही जाणवते, म्हणून डबा किंवा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवूनच भरावा. इंजिन चालू असताना भरणे फक्त कमी दाबाच्या बाजूने आणि डबा उभा ठेवून करावे. डबा उलटा केल्यास द्रव कंप्रेसरमध्ये शिरून तो मोडतो. इंजिन चालू असताना जास्त दाबाच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडला तर दाब उलटा डब्यात जाऊन तो फुटतो. थंड पडलेला डबा कोमट पाण्यात ठेवावा, आगीजवळ नेऊ नये. अतिशय स्वस्त मिळणाऱ्या, सीलबंद नसलेल्या डब्यांत स्वयंपाकाच्या गॅसासारखी ज्वलनशील भेसळ असू शकते. आणि कुलिंग कॉइल गळली तर ती थेट केबिनमध्ये येते. नव्या गाडीच्या स्टिकरवर आर-१२३४वायएफ हा वेगळा गॅस लिहिला असेल तर तिच्यात आर-१३४ए भरू नये.

गॅस भरून झाल्यावर सुरुवातीची परीक्षा त्याच पद्धतीने पुन्हा घ्यावी: तोच व्हेंट, तेवढ्याच फेऱ्या, तीच दहा मिनिटे. नवे आकडे, भरलेल्या गॅसचे वजन, घातलेल्या तेलाची जात आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती बोनेटखालच्या स्टिकरशेजारी चिकटवावी, आणि पंधरा दिवसांनी उघडलेले सांधे फेसाने किंवा अतिनील दिव्याने आणखी एकदा तपासावेत.